दुसऱ्यांच्या मैफलीतला केनी डोरहॅम

जॅझ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या दिवसांत ज्या धुना दिल्या जातात, त्यांत ‘ब्लू बोसा’ ही हमखास असते. जेमतेम सोळा बारची धून. ब्राझीलच्या बोसा नोव्हाचा झुलता ठेका, वर थोडी उदास, थोडी मिस्कील सुरावट. न्यूयॉर्क असो, टोकियो असो, पॅरिस असो, संगीताच्या वर्गांत ती रोज कुठे ना कुठे वाजत असते. वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटते की ती सॅक्सोफोनवादक जो हेंडरसनची आहे, कारण 1963 साली ती पहिल्यांदा निघाली हेंडरसनच्या रेकॉर्डवर. पण ती लिहिली होती त्याच रेकॉर्डवर शेजारी उभे राहून ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका माणसाने. त्याचे नाव केनी डोरहॅम. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मित्रमंडळींत त्याला आणखी एक नाव होते : अब्दुल हमीद.

ट्रम्पेट आपल्याकडे प्रत्येकाने ऐकलेले असते, निदान वरातीच्या बँडमध्ये तरी. पितळी नळी, तीन कळा, आणि बाकी सगळा खेळ ओठांचा नि श्वासाचा. सतारीवर बोट ठेवले की सूर तरी जागेवर सापडतो. ट्रम्पेटमध्ये तीच कळ दाबूनही ओठ किंचित सैल पडले तर सूर दुसरीकडेच जातो. हे वाद्य स्वभावाने मोठ्या आवाजाचे, मिरवणारे. म्हणून जॅझच्या इतिहासात ट्रम्पेटवाले बहुधा राजेच झाले. लुई आर्मस्ट्राँग, डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस. डोरहॅम त्यांच्या बरोबरीने वावरला, त्यांच्यातल्या काहींच्या जागी बसलाही; पण राजा काही झाला नाही. ड्रमर आर्ट ब्लेकी श्रोत्यांना त्याची ओळख करून देताना त्याला मुकुट नसलेला राजा म्हणत असे. कौतुकच होते ते, पण त्यात एक टोचणीही होती.

त्याचे पूर्ण नाव मॅकिन्ली हॉवर्ड डोरहॅम. जन्म 30 ऑगस्ट 1924, टेक्सासमधल्या फेअरफील्डजवळच्या पोस्ट ओक या वस्तीत. मॅकिन्लीचे ‘किनी’ झाले आणि किनीचे लोकांनी ‘केनी’ करून टाकले. घर शेतकऱ्याचे, माणसे कृष्णवर्णीय, आणि प्रदेश असा की गोऱ्यांची आणि काळ्यांची शाळा वेगळी, डबा वेगळा, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. गुरेढोरे, पवनचक्की, लांबून येणारी आगगाडीची शिट्टी, हे त्याचे बालपण. वडील गिटारवर ब्लूज वाजवत. आई आणि बहीण पियानो वाजवत. त्यानेही आधी पियानोच धरला. ट्रम्पेट हाती आले ते ऑस्टिन शहरातल्या हायस्कुलात. संगीताइतकाच मुष्टियुद्धाचाही नाद होता. पुढे लष्करात गेल्यावर तो तिथल्या मुष्टियुद्धाच्या संघात होता. ज्याच्या वादनाबद्दल पुढे सगळे मऊपणाचे आणि हळुवारपणाचे बोलणार होते, तो मुलगा हातमोजे चढवून रिंगणात उतरणारा होता.

कॉलेज त्याने मार्शल गावातल्या वायली कॉलेजात केले. कृष्णवर्णीयांसाठी 1873 मध्ये सुरू झालेली ही संस्था वादविवादाच्या संघासाठी प्रसिद्ध होती. काही वर्षांपूर्वी तिच्यावर ‘द ग्रेट डिबेटर्स’ हा सिनेमाही आला. डोरहॅमने तिथे विषय घेतला रसायनशास्त्र, पण वेळ गेला कॉलेजच्या बँडमध्ये. 1942 मध्ये लष्करात भरती, पुढे ह्यूस्टनमधल्या एका बँडची नोकरी, आणि मग 1944 च्या सुमारास ज्या गावी प्रत्येक जॅझवाल्याची पावले वळत होती ते न्यूयॉर्क.

तो पोचला ती वेळ विलक्षण होती. हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउससारख्या जागी रात्री उशिरा काही तरुण वादक जमत आणि नाचण्यासाठी बनवलेल्या जॅझचे हाड न् हाड मोकळे करून पाहत. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक, ड्रम्सवर केनी क्लार्क. लय दुप्पट, सुरावटी नागमोडी, हार्मनीचे गणित इतके दाट की जुने वादक स्टेजवर चढायला कचरत. या संगीताला पुढे बीबॉप नाव पडले. डोरहॅम त्यात सहज मिसळला. 1945 मध्ये गिलेस्पीच्या मोठ्या बँडमध्ये वाजवले. नंतर बिली एकस्टाइनच्या बँडमध्ये, मग लायोनेल हॅम्पटनकडे, मग मर्सर एलिंग्टनकडे. शिवाय दुसऱ्यांच्या बँडसाठी संगीताची मांडणी लिहून देण्याचेही काम तो करी, आणि त्यातले काही परक्या नावावर जाई. पैसे मिळत, नाव मिळत नसे. आपल्याकडच्या वाचकाला याचे नवल वाटू नये. मुंबईच्या सिनेमासंगीतात गोव्याच्या कितीतरी ट्रम्पेट आणि व्हायोलिनवाल्यांनी आयुष्य घातले. त्यांची नावे रेकॉर्डच्या कव्हरवर कुठे होती?

याच वर्षांत न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या जॅझवाल्यांमध्ये आणखी एक वारे वाहत होते. हिंदुस्थानातून गेलेले अहमदिया मिशनचे प्रचारक 1920 पासून अमेरिकेत काम करत होते, आणि त्यांनी वाटलेले कुरआनचे इंग्रजी भाषांतर अनेक कृष्णवर्णीय घरांत पोचले होते. या पंथाबद्दल बहुसंख्य मुसलमानांचे मतभेद सर्वांना ठाऊक आहेत. पण अमेरिकेतल्या जॅझवाल्यांपर्यंत इस्लाम मोठ्या प्रमाणात पोचला तो या वाटेने, हे इतिहासात नोंदलेले आहे. बघता बघता नावे बदलू लागली. एडमंड ग्रेगरीचा साहिब शिहाब झाला, ट्रम्पेटवाला लिओनार्ड ग्रॅहम इद्रीस सुलेमान झाला, केनी क्लार्क लियाकत अली सलाम झाला, आर्ट ब्लेकी अब्दुल्लाह इब्न बुहैना झाला. त्याचे दोस्त त्याला अखेरपर्यंत ‘बू’ म्हणून हाक मारत ते या बुहैनावरून. थोड्या काळाने युसेफ लतीफ आणि पियानोवादक अहमद जमाल आले. या दोघांनी ते नाव आणि तो दीन मरेपर्यंत जपला. मॅकिन्ली डोरहॅमही काही काळ या मंडळीत होता, अब्दुल हमीद या नावाने.

यामागे सगळ्यांचे कारण एकच नव्हते. कुणाला गुलामीतून आलेले आडनाव नकोसे झाले होते. कुणाला हेरॉइनच्या विळख्यातून सुटायला पाच वेळच्या नमाजाची शिस्त हवी होती. तेव्हा ते विष न्यूयॉर्कच्या निम्म्या बँडमध्ये शिरले होते. कुणाला खरोखरच त्या किताबात आपले उत्तर सापडले. आणि एक कारण निखळ दुनियादारीचेही होते. डिझी गिलेस्पीने 1979 च्या आत्मचरित्रात सांगितले आहे की मुसलमानी नाव घेतल्यावर काही वादकांच्या ओळखपत्रावरचा वंशाचा रकाना बदलत असे. निग्रो म्हणून जिथे दार बंद, तिथे अब्दुल किंवा इद्रीस म्हणून गेलेला माणूस परदेशी समजला जाई आणि टेबलावर जेवण येई. कातडीचा रंग तोच, भूक तीच, फक्त नाव बदलले की वेटर नमत असे. या किश्शावर हसू येते खरे, पण ज्या समाजात तो घडला त्याच्याविषयी तो बरेच सांगून जातो.

22 डिसेंबर 1947 रोजी ब्लू नोट कंपनीसाठी आर्ट ब्लेकीने आठ जणांचा संच घेऊन काही धुना रेकॉर्ड केल्या. संचाचे नाव ‘मेसेंजर्स’. त्यात साहिब शिहाब होता, मुसा कलीम होता, आणि ट्रम्पेटवर केनी डोरहॅम. मेसेंजर म्हणजे पैगाम पोचवणारा. या नावाला त्या मंडळींच्या नव्या दीनाचा वास होता हे उघड आहे. पुढे हेच नाव जगभर ‘जॅझ मेसेंजर्स’ म्हणून गाजले. पण त्याच्या मुळाशी 1947 ची ही छोटी जमात आहे आणि तिच्यात डोरहॅम आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. रेकॉर्डवर मात्र त्याने अब्दुल हमीद हे नाव लावले नाही. तिथे तो केनी डोरहॅमच राहिला.

1948 च्या डिसेंबरात चार्ली पार्करच्या पाच जणांच्या संचातून माइल्स डेव्हिस बाहेर पडला. पार्कर म्हणजे त्या काळच्या जॅझचा सूर्य, आणि त्याच्या शेजारची ट्रम्पेटची जागा म्हणजे कोणत्याही तरुण वादकाचे स्वप्न. नाताळच्या आदल्या रात्री, ‘रॉयल रूस्ट’ या क्लबात, ती जागा डोरहॅमला मिळाली. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पुढच्या मे महिन्यात तो पार्करबरोबर पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सवात गेला. साल प्लेएल या भव्य सभागृहात युरोपने बीबॉप प्रत्यक्ष ऐकले. त्याच महोत्सवात दुसऱ्या संचाबरोबर माइल्स डेव्हिसही आला होता. ज्याची जागा घेतली तो आणि ज्याने घेतली तो, दोघे एकाच गावात, एकाच मंचावर. वर्तमानपत्रांनी माइल्सचे फोटो जास्त छापले, यात आश्चर्य नाही. त्याच्या उभे राहण्यातच एक नाट्य होते. डोरहॅमच्या उभे राहण्यात काही नव्हते. तो फक्त वाजवत असे.

पण काय वाजवत असे, हे ऐकायला हवे. पार्करच्या वादळाशेजारी उभे राहून बहुतेक ट्रम्पेटवाले आणखी जोरात, आणखी उंच वाजवायला जात. डोरहॅम मधल्या सप्तकात राही. त्याचा सूर चकाकणारा नव्हता. जुन्या पितळी भांड्यासारखा मंद, थोडा धुरकट. प्रत्येक सूर वेगळा, जणू एकेक शब्द जपून उच्चारणारा माणूस. वेगात तो कुणाला हार जाणारा नव्हता, पण वेग दाखवण्याची त्याला घाई नव्हती. गझल गाणाऱ्याने शेवटच्या शब्दाआधी क्षणभर थांबावे, तसा तो थांबत असे, आणि त्या थांबण्यात खरी गंमत असे.

पार्करकडून बाहेर पडल्यावरची काही वर्षे ओढगस्तीची गेली. संगीताबाहेरच्या नोकऱ्याही कराव्या लागल्या. मधूनच रेकॉर्डिंग मिळे. 1952 मध्ये थेलोनियस मंकने ब्लू नोटसाठी केलेल्या सत्रात तो होता. 1953 मध्ये चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांच्या छोट्याशा ‘डेब्यू’ कंपनीने त्याच्या स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड काढली. आणि मग 1954 उजाडले, ज्या वर्षी त्याच्या आयुष्याला आणि जॅझलाही नवे वळण मिळाले.

बीबॉप हे डोक्याचे संगीत होते. सामान्य श्रोत्याचे पाय त्यावर हलत नसत. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर काही वादकांनी त्यात पुन्हा ब्लूज आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले गाणे आणले. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी जबाब द्यायचा, टाळ्यांचा ठेका धरायचा. कव्वाली ऐकणाऱ्याला यातला मामला सांगावा लागत नाही. कव्वाल आणि त्याच्या मागचे हमनवा हेच करत असतात. या बाजाला हार्ड बॉप नाव पडले. त्याचा पाया ज्या संचाने घातला तो म्हणजे पियानोवादक होरेस सिल्व्हर, ड्रमर आर्ट ब्लेकी, सॅक्सोफोनवर हँक मोब्ली, बासवर डग वॉटकिन्स आणि ट्रम्पेटवर केनी डोरहॅम. नोव्हेंबर 1954 आणि फेब्रुवारी 1955 मधली त्यांची रेकॉर्डिंग्ज निघाली ती ‘होरेस सिल्व्हर अँड द जॅझ मेसेंजर्स’ या नावाने. 1955 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या कॅफे बोहेमियात त्यांची मैफल प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर रेकॉर्ड झाली. तिथे वाजलेली डोरहॅमची ‘मायनर्स हॉलिडे’ ऐकावी. भांडण लागावे तशी ती धून सुरू होते आणि ट्रम्पेट तिच्यातून इतके शांतपणे चालत जाते की धक्का बसतो.

त्याच वर्षी त्याची ‘आफ्रो-क्यूबन’ ही रेकॉर्ड आली. हिच्यात क्यूबाच्या कोंगा ढोलाचे ठेके आणि हार्ड बॉप असे काही मुरले आहे की सांधा दिसत नाही. कोंगावर क्यूबाचा पटाटो व्हाल्देस, ट्रॉम्बोनवर जे. जे. जॉन्सन, ड्रम्सवर ब्लेकी. आज जाणकार तिला त्याच्या उत्तम कामांत धरतात. यातच ‘लोटस फ्लॉवर’ नावाची एक संथ धून आहे, डोरहॅमची लेखणी किती नाजूक होती हे दाखवणारी.

1956 मध्ये त्याने मेसेंजर्स सोडले आणि स्वतःचा संच काढला. नाव ठेवले ‘जॅझ प्रॉफेट्स’. मुसलमान कानाला हे नाव थोडे खटकेल. अमेरिकी बोलीत हा शब्द बराच सैल वापरला जातो, इतकेच म्हणावे आणि पुढे जावे. संच गुणी होता, कॅफे बोहेमियातली त्याची मेमधली मैफल ब्लू नोटने रेकॉर्डही केली. पण तो काही महिनेच टिकला.

कारण 26 जून 1956 च्या रात्री पेनसिल्व्हेनियाच्या रस्त्यावर मोटार उलटली आणि क्लिफर्ड ब्राउन गेला. वय पंचवीस. त्या पिढीतला सर्वांत तेजस्वी ट्रम्पेटवाला, शिवाय निर्व्यसनी, सालस, सगळ्यांचा लाडका. बरोबर पियानोवादक रिची पॉवेल आणि त्याची बायकोही गेली. ब्राउनचा भागीदार मॅक्स रोच या धक्क्याने कोसळला. संच तर चालवायचा होता. ब्राउनच्या जागी कुणाला उभे करायचे? रोचने डोरहॅमला बोलावले.

ही जागा माइल्सच्या जागेपेक्षा अवघड होती. माइल्स जिवंत होता, रागाने निघून गेला होता. इथे श्रोते येत आणि डोळे मिटून एका मेलेल्या मुलाला शोधत. डोरहॅमने ब्राउनची नक्कल केली नाही. ब्राउन जिथे सुरांचा पाऊस पाडत असे, तिथे हा चार शब्दांत बोलला. सॅक्सोफोनवर सोनी रॉलिन्स होता, स्वतःच धगधगत असलेला. सप्टेंबर 1956 ची ‘मॅक्स रोच प्लस फोर’ आणि 1957 ची ‘जॅझ इन थ्री-फोर टाइम’ या दोन्हींवर हा संच ऐकायला मिळतो. दुसरी रेकॉर्ड सबंध तीनच्या लयीत आहे. दादऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला ती लगेच जवळची वाटते, पण जॅझमध्ये तेव्हा ही मोठी हिंमत होती. डोरहॅम या संचात 1958 पर्यंत राहिला. समीक्षकांनी त्याची तुलना ब्राउनशी करणे शेवटपर्यंत सोडले नाही.

तुलनेची ही सावली त्याच्यावर का पडली, याचे उत्तर थोडे त्याच्या स्वभावातही आहे. तो संगत करणारा माणूस होता. इंग्रजीत ज्याला साइडमन म्हणतात, त्याचे काम आपल्याकडच्या तबलजीसारखे किंवा पेटीवाल्यासारखे : गायक पुढे, आपण अर्धा पाऊल मागे, आणि गायक अडला तर त्याला न दाखवता उचलून धरायचे. या हुनरात डोरहॅमला तोड नव्हती. रॉलिन्स, टॅड डॅमरन, ऑलिव्हर नेल्सन, जॅकी मक्लीन, ज्याला गरज पडली त्याच्याकडे तो गेला. 1958 मध्ये पियानोवादक सेसिल टेलर आणि जॉन कोल्ट्रेन यांच्याबरोबरच्या एका सत्रात तो होता. टेलरचे पियानो वाजवणे त्याला पचनी पडले नाही, आणि रेकॉर्ड ऐकताना ते कळतेही. ती रेकॉर्ड आधी टेलरच्या नावाने निघाली, आणि कोल्ट्रेन गाजल्यावर पुन्हा कोल्ट्रेनच्या नावाने. डोरहॅमच्या नावाने ती निघण्याचा प्रश्न कधीच आला नाही.

1959 साल तर अजबच. त्या वर्षी रोजे व्हादीम या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘ले लियेझाँ दांजरूझ’ या सिनेमात डोरहॅम पडद्यावर ट्रम्पेट वाजवताना दिसतो. दिसतो तो, ऐकू येते ते मात्र ब्लेकीच्या संचातल्या तरुण ली मॉर्गनचे ट्रम्पेट. आपण हिंदी सिनेमावाले प्लेबॅकला सरावलेलो आहोत, पण स्वतः उत्तम गवई असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवायला लावावे, असला हा प्रकार. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने आपली सर्वांत देखणी रेकॉर्ड केली, ‘क्वाएट केनी’. फक्त चौघे. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर आर्ट टेलर, आणि समोर एकटे ट्रम्पेट. शेजारी सॅक्सोफोन नाही, कुणाची जागा भरायची नाही, कुणाला उचलून धरायचे नाही. सुरुवातीचीच धून ‘लोटस ब्लॉसम’ त्याची स्वतःची. ज्यांना जॅझ गोंगाट वाटतो, त्यांनी सुरुवात इथून करावी. त्याच्या गाण्याच्या रेकॉर्डपासून मात्र करू नये. हो, 1958 मध्ये त्याने गाऊनही एक रेकॉर्ड केली होती. आवाज गोड आहे, पण ट्रम्पेट हातात असताना त्याला गाण्याची गरज नव्हती.

1961 मध्ये अमेरिकी वादकांच्या जथ्याबरोबर तो ब्राझीलला गेला. रिओची लय त्याच्या कानात राहिली. दुसऱ्या वर्षी ओहायोकडचा एक तरुण सॅक्सोफोनवादक, लष्करातून नुकताच सुटलेला, न्यूयॉर्कला आला आणि डोरहॅमच्या घरी पोचला. तो जो हेंडरसन. डोरहॅम त्याला बर्डलँड क्लबात घेऊन गेला, तिथे डेक्स्टर गॉर्डन वाजवत होता, आणि त्या रात्री या अनोळखी पोराला त्याच्या मंचावर वाजवायला मिळाले. ओळख करून देऊन डोरहॅम थांबला नाही. 1 एप्रिल 1963 ला त्याने स्वतःच्या ‘उना मास’ या रेकॉर्डवर हेंडरसनला घेतले. त्याच सत्रात पियानोवर होता बावीस वर्षांचा हर्बी हॅनकॉक, आणि ड्रम्सवर सतरा वर्षांचा टोनी विल्यम्स. दीड महिन्यात हे दोघे माइल्स डेव्हिसच्या स्टुडिओत होते आणि पुढच्या पाच वर्षांत त्यांनी माइल्सबरोबर इतिहास घडवला. 1948 मध्ये माइल्सने सोडलेली खुर्ची डोरहॅमला मिळाली होती. 1963 मध्ये डोरहॅमच्या सत्रातली दोन पोरे माइल्सकडे गेली. हिशेब कुणाच्या बाजूने राहिला, हे ज्याने त्याने ठरवावे.

जून 1963 मध्ये हेंडरसनची पहिली रेकॉर्ड ‘पेज वन’ झाली. डोरहॅमने तिच्यासाठी स्वतःच्या दोन धुना दिल्या, ‘ब्लू बोसा’ आणि ‘ला मेशा’, ट्रम्पेट वाजवले, आणि कव्हरच्या मागचा मजकूरही लिहून दिला. शागिर्दाच्या पहिल्या मैफलीत उस्तादाने सतरंजीही अंथरावी, तसे. गंमत म्हणजे या कव्हरवर पियानोवादक मॅकॉय टायनरचे नावच नाही. तो दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होता, म्हणून त्याच्या जागी नुसते ‘वगैरे’ अशा अर्थाचे एक अक्षरचिन्ह छापले आहे. ज्या धंद्यात मॅकॉय टायनर ‘वगैरे’ होऊ शकतो, तिथे डोरहॅमने तक्रार कुणाकडे करायची?

1964 ची त्याची ‘ट्रोम्पेटा टोकाटा’ ही त्याच्या स्वतःच्या नावाची शेवटची स्टुडिओ रेकॉर्ड. वय चाळीस. त्याच मार्चमध्ये अँड्र्यू हिलच्या ‘पॉइंट ऑफ डिपार्चर’मध्ये एरिक डॉल्फी, हेंडरसन आणि टोनी विल्यम्स यांच्यासारख्या पुढच्या जमान्याच्या लोकांत तो उभा आहे, आणि सहा वर्षांपूर्वीसारखा अवघडलेला अजिबात नाही. चाळिशीत माणूस नवी जबान शिकला होता. पण जग दुसरीकडे निघाले होते. बीटल्स आले होते, क्लब बंद पडत होते, ब्लू नोट पुढच्याच वर्षी विकली गेली. घरी बायको-मुले होती. डोरहॅमने मॅनीज या वाद्यांच्या दुकानात काम केले, टपाल खात्यात काम केले. ‘डाउनबीट’ मासिकात दुसऱ्यांच्या रेकॉर्डची परीक्षणे लिहिली. लेखणी रोखठोक, नव्या फ्री जॅझवर तर बऱ्यापैकी तिखट. हेंडरसनबरोबर एक मोठा बँड उभा केला, ज्यात तालमीच जास्त झाल्या. आणि रसायनशास्त्र अर्धवट सोडून आलेला हा माणूस न्यूयॉर्क विद्यापीठात संगीताच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसला. ज्याच्या धुना विद्यार्थी गिरवत होते, तो स्वतः विद्यार्थी झाला.

तोवर मूत्रपिंडांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. डायलिसिस तेव्हा आजच्यासारखे गल्लोगल्ली नव्हते. आठवड्यातले तास न् तास यंत्राला जोडून पडायचे, आणि उठल्यावर ज्या वाद्याला सगळ्या अंगाचा श्वास लागतो ते उचलायचे. 1968 मध्ये बॅरी हॅरिसच्या ‘बुल्स आय’वर आणि सेसिल पेनच्या ‘झोडिअ‍ॅक’वर त्याचे ट्रम्पेट आहे. सूर पूर्वीपेक्षा बारीक, वाक्ये आखूड. तरी शब्द ओळखू येतात. 1970 च्या ‘डाउनबीट’च्या वार्षिकात त्याने आपल्या बालपणाविषयी लिहिले. टेक्सासची ती वस्ती, गुरे, गाड्या, घरातले संगीत. पूर्ण आत्मचरित्र काही झाले नाही. झाले ते तुकडेच.

1972 च्या फेब्रुवारीत ली मॉर्गन, तेहतीस वर्षांचा, न्यूयॉर्कच्या क्लबात गोळी लागून गेला. त्याची मोठी बातमी झाली. 5 डिसेंबरला डोरहॅम गेला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मूत्रपिंडांच्या विकाराने. त्याची त्यामानाने लहान झाली.

त्याच्या जवळजवळ बारा वर्षे आधी, 1961 च्या जानेवारीत, त्याने ‘व्हिसल स्टॉप’ नावाची रेकॉर्ड केली होती. व्हिसल स्टॉप म्हणजे जिथे शिट्टी वाजवली तरच गाडी थांबते असे आडगावचे स्टेशन. सातही धुना त्याच्याच. एका धुनेचे नाव ‘पवनचक्की’, एकीचे ‘सूर्यास्त’, एकीचे ‘बफेलो’. म्हणजे सगळे लहानपणचे पोस्ट ओक. शेवटच्या धुनेचे नाव त्याने ठेवले ‘डोरहॅम्स एपिटाफ’, डोरहॅमचा मृत्युलेख. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. बाकीच्या धुना पाच मिनिटांहून जास्त चालतात. ही जेमतेम मिनिटभर चालते. तिच्यात कुणाची एकल करामत नाही, लांबण नाही. एक सुरावट येते, ट्रम्पेट ती सांगते, आणि रेकॉर्ड संपते.